तांबड्या डोंगरातला गणपती

त्या सकाळी पाण्यात 'डुबुक' असा आवाज झाला, तो चंद्रहास केतकरांनी नीट ऐकला होता. फुलांच्या पाकळ्या पाण्यात पडताना आवाज करत नाहीत, एवढं कळायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत. पण त्यांच्या डोक्यात आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं पुस्तकातलं एक प्रकरण घोळत होतं, आणि नेमकी तेव्हाच समोरून एक काळी पाणकोंबडी बुडी मारून गेली. तिचाच आवाज असेल, असं म्हणून ते रिकामी ताटली झटकत घरात आले.

घर त्यांच्या मुलाचं, अंबरीशचं. कापेल आन डेन आयसेलमध्ये, रॉटरडॅमला लागूनच. अंबरीश आणि सून मृदुला दोघंही आयटीत, नात सलोनी दहा वर्षांची. चंद्रहासराव आणि शोभाताई पुण्याहून मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी आले होते. घरामागे, वीतभर बागेच्या पलीकडे, पाण्याचा एक अरुंद चर होता. देवावरची शिळी फुलं कचऱ्यात टाकायची नाहीत, हा शोभाताईंचा नियम. चरात काहीही टाकायचं नाही, शेजारी बघतात, हा मृदुलाचा. दोन्ही सांभाळायचे म्हणून चंद्रहासराव शेजारी उठायच्या आत निर्माल्य चरात सोडून येत.

देव म्हणजे पंचायतन. चांदीच्या एका डबीत मावणारे पाच लहान दगड: शंकराचा बाण, शाळिग्राम, देवीचा सोनेरी खडा, सूर्याचा स्फटिक, आणि मधोमध गणपती म्हणून सुपारीएवढा तांबडा गुळगुळीत दगड. केतकरांकडे चार पिढ्या त्यांची पूजा चाललेली. देवांना बंद घरात ठेवून तीन महिने परदेशी जायचं शोभाताईंच्या जिवावर आलं, म्हणून डबी त्यांच्या पर्समधून विमानात बसून आली होती. त्या दिवशी त्यांना कणकण वाटत होती, म्हणून पूजा चंद्रहासरावांनी केली. आदल्या दिवशी वाहिलेले ट्यूलिप लालभडक होते. ओल्या लाल पाकळ्यांच्या गोळ्यात तांबडा दगड कधी गेला, ते त्यांना कळलंच नाही.

दुपारी शोभाताई उठल्या, हात धुऊन देवाला नमस्कार करायला गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "अहो, देव चारच कसे?"

सकाळचा तो 'डुबुक' आत्ता चंद्रहासरावांना पुन्हा ऐकू आला, अगदी कानाशी.

"असेल इथेच कुठेतरी," ते म्हणाले.

हे एक वाक्य बोलून गेले आणि फसले. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी शोभाताई सोफ्याच्या उशा काढून शोधत होत्या, तेव्हा वाटलं, उद्या सांगू. अडतीस वर्षं त्यांनी एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं होतं आणि एखादं पुस्तक सापडत नसेल तर सापडत नाही एवढंच सांगायलासुद्धा त्यांची जीभ अडखळायची. दुसऱ्या दिवशी पहाटे ते सलोनीची मासे पकडायची जाळी घेऊन चराकाठी गेले. गाळ, शेवाळ आणि एक बाटलीचं झाकण वर आलं. पलीकडच्या घरातले गृहस्थ खिडकीतून हात हलवून हसले. चंद्रहासरावांनीही हात हलवला आणि जाळी पाठीमागे लपवली.

एरवी ही गोष्ट रडारड होऊन संपली असती. पण शोभाताईंच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि जूनमध्ये परत गेल्यावर ते करायचं म्हणून त्या कशाबशा तयार झाल्या होत्या. गणपती हरवल्यानंतर चौथ्या दिवशी, पोळ्या लाटता लाटता, त्या अंबरीशला म्हणाल्या, "ते हॉस्पिटलचं राहू दे रे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे नको. त्याला विचारल्याशिवाय या घरात कधी काही सुरू केलं नाही. तुझ्या मुंजीच्या आधी, बाबांच्या नोकरीच्या आधी. आता तोच निघून गेला. जाता जाता सांगूनच गेला की, नको म्हणून."

"आई, दगड आहे तो. पडला असेल कुठेतरी."

"दगड आहे म्हणूनच म्हणते. दगड आपणहून कुठे जात नाही."

अंबरीशने वडिलांकडे बघितलं. बाबा, तुम्ही सांगा तिला, असा त्या बघण्याचा अर्थ होता. चंद्रहासराव पोळीचा तुकडा आमटीत बुडवत राहिले.

एप्रिलच्या शेवटी सलोनीच्या शाळेला सुट्टी लागली आणि ठरल्याप्रमाणे सगळे अमेरिकेला निघाले. हा बेत अंबरीशने आईसाठीच आखला होता. आईला चढणं-उतरणं जमणार नाही, तेव्हा सगळं गाडीत बसून दिसेल असा रस्ता त्याने शोधून काढला होता. वाळवंटातून जाणारा, दोन्ही बाजूंनी रंगीत दऱ्या-डोंगरांचा, दोन राज्यांतून वळसा घालून पुन्हा निघाल्या जागी येणारा. सात दिवस, एक मोठी भाड्याची गाडी, मागे मृदुलाने भरलेला तांदूळ आणि मेतकुटाचा डबा.

चंद्रहासरावांनी या प्रदेशाबद्दल इतकं वाचून ठेवलं होतं, की बघायला काही उरलं नसेल अशी त्यांना धास्ती होती. ती पहिल्याच वळणावर गेली. डोंगर तांबडे असतात हे वाचलं होतं, पण एकाच कड्यात हळदीचा पिवळा, विटेचा, जांभळाच्या सालीचा आणि पोटाशी राखेसारखा पांढरा असे थर एकावर एक निजलेले असतील, आणि ढगाची सावली सरकली की ते सगळे जागच्या जागी रंग पालटतील, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. रस्ता खाली उतरला की दोन्ही बाजूंनी भिंती अंगावर येत, वर चढला की जमीन एकदम पायाखालून निघून जाई आणि खोल तळाशी नदीची एक हिरवी दोरी दिसे.

"आई, डावीकडे बघ, डावीकडे!" अंबरीश स्टिअरिंगवरून ओरडायचा.

"हो रे, छान आहे," शोभाताई म्हणायच्या. त्यांचे डोळे मिटलेले असत. चार देवांची डबी मांडीवर, त्यावर दोन्ही हात.

"आजी, यू आर नॉट इव्हन लुकिंग," सलोनी म्हणाली.

"बघितलं गं. लाल आहे सगळं."

आरशातून चंद्रहासरावांना मुलाचा चेहरा दिसत होता. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून आणलेली ही सहल आई डोळे मिटून पार करते आहे, हे त्याला कळत होतं. मृदुला पुढच्या सीटवरून हळूच म्हणाली, "अरे, तू रस्त्याकडे बघ."

त्या रात्री मोटेलमध्ये अंबरीशने बापाला बाहेर गाठलं. "बाबा, ती तुमचं ऐकते. तारीख घेतली नाही तर पुढे दोन महिने मिळायची नाही. प्लीज, काहीतरी करा."

आणि चंद्रहासरावांनी दुसऱ्या दिवशी काहीतरी केलं.

सकाळचे अकरा वाजले असतील. रस्त्याकडेला गाडी लावून दरी बघायची एक जागा होती. शोभाताई गाडीतच बसल्या. तिथे पाटी होती. दगड, झाडं, काहीही उचलून नेऊ नये, दंड होईल, असं तीवर लिहिलेलं होतं. सवयीप्रमाणे चंद्रहासरावांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग खाली मान घातली, तर बुटाशेजारीच एक तांबडा खडा पडला होता. सुपारीएवढा. ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उठले तेव्हा मूठ मिटलेली होती.

कापेलला परतल्यावर दोन दिवस त्यांनी न्हाणीघराची कडी लावून तो दगड मृदुलाच्या नखं घासायच्या कानशीने घासला, त्याला खोबरेल तेल चोळलं. शोभाताईंच्या पर्सचं अस्तर एका कोपऱ्यात उसवलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "शोभा, अस्तराच्या आत हात घालून बघितलंस का गं?"

शोभाताईंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून मृदुला मीटिंग सोडून खाली धावत आली. त्या जमिनीवर बसून दगड छातीशी धरून रडत होत्या. तळव्यावर तो हलवून बघत म्हणाल्या, "हलका झालाय. दमलाय बिचारा." त्याच दुपारी अंबरीशने पुण्याला फोन लावला. ऑपरेशनची तारीख मिळाली, अकरा जून.

खरं तर इथे सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण तो डोंगर वाळूचा होता. रोज पाणी, रोज गंध, रोज पुसणं. आठवड्याभरात दगडाने रंग सोडायला सुरुवात केली. ताम्हणातलं तीर्थ फिकट तांबडं दिसू लागलं. चंद्रहासरावांनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं, झालं, संपलं. शोभाताईंनी मात्र हात जोडले. "शेंदूर सोडतोय हो," त्या कुजबुजल्या. "माझं दुखणं अंगावर घेतोय."

त्यांनी ते तीर्थ पळीने नवऱ्याच्याही हातावर घातलं. चंद्रहासराव ते प्यायले. दातांत बारीक वाळू कचकचली.

मेच्या तिसऱ्या रविवारी लायडनहून प्रताप आणि चारुता जेवायला आले. प्रताप अंबरीशचा पुण्यापासूनचा मित्र, जिभेवर लगाम नसलेला. चारुता तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करायची. जेवणं झाल्यावर टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर सहलीचे फोटो सुरू झाले.

"काय रे हे, सगळीकडे तुझी गाडीच," प्रताप म्हणाला. "डोंगर मागे, गाडी पुढे. कमिशन मिळतं काय भाड्याच्या कंपनीकडून?"

"पुढे बघ ना."

"काकू, तुम्ही कुठेच नाही फोटोत!"

"मी गाडीत होते रे," शोभाताई हसून म्हणाल्या. हल्ली त्या हसत होत्या. "तेव्हा माझा जीव ठिकाणावर नव्हता. गणपती हरवला होता ना आमचा." आणि त्यांनी चारुताला सगळी हकिकत सांगितली: पर्सचं अस्तर, हलका झालेला दगड, शेंदूर.

"रंग सोडतो?" चारुता पुढे सरकून म्हणाली. "दगड? बघायला मिळेल मला?"

"हिला काहीही दिसलं की बाटलीत भरायचं असतं," प्रताप म्हणाला. "काकू, देऊ नका."

चंद्रहासराव उठून पाणी प्यायला जाणार होते. तेवढ्यात सलोनी ओरडली, "वेट! हे माझे फोटो. मी काढले!"

पडद्यावर एक पाटी आली, दरीचा कठडा आला, आणि मग आजोबा आले. वाकलेले. एक गुडघा जमिनीला, नाडी बांधायचा बूट मागेच राहिलेला, आणि उजवा हात स्वच्छ, ठळकपणे एका तांबड्या खड्यावर. पुढच्या फोटोत आजोबा उभे होते आणि मूठ खिशात जात होती.

"काका! चोरी!" प्रतापने टाळी वाजवली. "तेही पाटीखाली उभं राहून!"

"इट वॉज नॉट अलाउड," सलोनी गंभीरपणे म्हणाली. "पण मी कुणाला नाही सांगितलं. आजोबा वॉज सॅड."

सगळे हसले. अंबरीशही हसला, मग हसता हसता थांबला. त्याने आधी पडद्याकडे बघितलं, मग आईकडे.

शोभाताई हसत नव्हत्या. त्या पडद्यावरच्या खड्याकडे बघत होत्या, आणि बराच वेळ बघून झाल्यावर गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. देव स्वयंपाकघराच्या फडताळात मांडलेले होते. तिथे जाऊन त्यांनी मधला दगड उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, अंगठ्याने जोरात घासला. अंगठा तांबडा झाला. दगड मुठीत घेऊन त्या जिना चढून वर गेल्या.

"काकूंना काय झालं?" प्रताप म्हणाला.

पाहुणे गेल्यावर चंद्रहासराव वर गेले. सलोनीची खोली तीन महिन्यांसाठी त्यांना दिलेली होती. भिंतीवर घोड्यांची चित्रं, छताला चिकटवलेल्या चांदण्या. शोभाताई पलंगाच्या काठावर बसल्या होत्या. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"आपला कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मागच्या चरात. निर्माल्याबरोबर गेला. माझ्या हातून."

"तुम्हांला कधी कळलं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. 'परवा', 'सहलीत', काहीही म्हणता आलं असतं. चंद्रहासरावांनी घोड्यांकडे बघितलं.

"तू मोजलेस तेव्हाच."

शोभाताईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "एकोणीस दिवस झाले मग अमेरिकेला निघेपर्यंत. एकोणीस दिवस मी शोधत होते. कचऱ्याचा डबा उपसला मी. कोपरापर्यंत हात घातला. आणि तुम्ही काय केलंत? शेजारी उभं राहून पिशवी धरलीत माझ्यासाठी. नीट धरलीत, तोंड उघडं राहील अशी."

"शोभा, मला भीती वाटली."

"कशाची? मी मारलं असतं?"

ऑपरेशनची, असं चंद्रहासराव म्हणाले असते तर ते खरं नसतं. पहिल्या दिवशी ऑपरेशनचा विचारसुद्धा मनात आला नव्हता. आपण मूर्ख ठरू, एवढीच भीती होती. बाकीची कारणं नंतर गोळा झाली.

"वेंधळा म्हणाली असतीस," ते म्हणाले.

"आहातच. सत्तेचाळीस वर्षं आहात. त्याने काय बिघडलं होतं?" शोभाताईंनी तांबडा दगड त्यांच्या हातावर ठेवला. "हा त्या डोंगराचा. जिथला आहे तिथे पाठवा. अंबरीशला पत्ता शोधायला सांगा आणि का ते तुम्हीच सांगा."

"आणि अकरा तारीख?"

खाली मृदुला भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. शोभाताई म्हणाल्या, "मार्चमध्ये डॉक्टरांनी मला इसीजीला पाठवलं आणि तुम्हांला एकट्याला आत बोलावलं. बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, साधं ऑपरेशन आहे, आठ दिवसांत घरी. मी विचारलं नाही काही. तुम्ही वाचलेलं सांगता, तर खरंच असणार असं धरून चालले मी आयुष्यभर. आता सांगा. काय म्हणाले ते?"

"तेच. म्हणजे... साधारण तेच."

"कागद आहेत ना?"

कागद होते. निळ्या फाइलमध्ये, त्यांच्या बॅगेच्या तळाशी, पुस्तकांच्या खाली. फाइल काढून ते पलंगाशी आले.

"वाचा. गाळायचं नाही. इंग्रजी असेल ते मराठीत सांगा."

ते वाचू लागले. पहिलं पान नाव, वय, वजन. दुसऱ्या पानावर झडप किती अरुंद झाली आहे ते आलं. पुढच्या परिच्छेदाशी ते थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वाचा."

"झडपेबरोबर एक रक्तवाहिनीही अडली आहे. त्यामुळे ऑपरेशन मोठं होईल. छाती उघडून."

"साधं म्हणालात."

"हो."

"धोका किती?"

"शंभरात चार."

"म्हणजे शंभर बायका गेल्या तर शहाण्णव परत येतात." शोभाताई जणू भाजीवालीशी बोलत असाव्यात तशा बोलल्या. "आणि नाही केलं तर?"

हे कागदावर नव्हतं. हे डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं, पेन टेबलावर आडवं ठेवून. दोन-अडीच महिने चंद्रहासरावांनी ते एकट्याने पोटात बाळगलं होतं. दऱ्यांच्या त्या सगळ्या वळणांवर ते त्यांच्याबरोबर गाडीत होतं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "फार तर."

शोभाताईंनी मान डोलावली. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"हे मला तेव्हाच सांगितलं असतंत," त्या शेवटी म्हणाल्या, "तर मी तिथे डोळे उघडून बघितलं असतं. पोरानं एवढं नेलं. डावीकडे बघ, उजवीकडे बघ. मी आपली मेलेल्यासारखी बसून राहिले, दगडासाठी. दोनच वर्षं आहेत म्हणून कुणी सांगितलं असतं, तर एकेक डोंगर बघितला असता मी."

चंद्रहासरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी शोभाताईंच्या हाताकडे हात नेला. शोभाताईंनी आपला हात मागे घेतला नाही, पण त्यांचा धरलाही नाही.

"तारीख तीच राहू दे," त्या म्हणाल्या. "पण आधी मी डॉक्टरांशी बोलणार. मी आणि अंबरीश, फोनवर. तुम्ही तेव्हा बाहेर बसायचं."

"बरं."

"माझ्या दुखण्यातलं यापुढे तुम्ही मला काही सांगायचं नाही. मी विचारीन तेवढंच वाचायचं."

"बरं."

"पुढचं पान."

चंद्रहासरावांनी पान उलटलं. अक्षरं पाण्यात पोहत होती. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकेक शब्द मराठीत करत, काहीही न गाळता, वाचायला सुरुवात केली.